लाथेच्या क्रियेत दोन्ही गुडघ्यांवर येणारा भार

लाथ मारणाऱ्या खेळाडूकडे पाहताना प्रेक्षकाची दृष्टी स्वाभाविकपणेच हवेतून फिरणाऱ्या पावलाचा पाठलाग करते. दुसरा पाय, ज्याच्यावर त्या क्षणी सारे शरीर तोललेले असते, तो कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्षकाची सूचनाही बहुधा मारणाऱ्या पायापुरतीच असते : गुडघा वर घ्या, पाऊल ताणा, वेग वाढवा. परंतु गुडघ्याच्या दुखापतीचा विचार करू लागताच हा दुर्लक्षित पाय विवेचनाच्या मध्यभागी येतो. मारणाऱ्या पायाच्या गुडघ्यापुढे मुख्य प्रश्न थांबण्याचा असतो. आधाराच्या पायाच्या गुडघ्यापुढे तो वळण्याचा असतो. हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी त्यांचा उलगडा पुष्कळ अंशी एकाच ठिकाणी, म्हणजे जमिनीवर टेकलेल्या पावलापाशी होतो. हे कसे, ते यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषयाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही. तायक्वांदो हा खेळ १९८८ च्या सोल व १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनापुरता होता. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून त्याला पदकांचा दर्जा मिळाला. २०२० चे म्हणून ओळखले जाणारे आणि प्रत्यक्षात २०२१ साली भरलेले जे टोकियो ऑलिम्पिक, त्यात कराटेचाही समावेश झाला. आज शाळांच्या सभागृहांत, गृहसंकुलांच्या गच्च्यांवर व महाविद्यालयांच्या व्यायामशाळांत या कलांचे वर्ग भरतात आणि आंतरविद्यापीठीय स्पर्धांतही त्यांना स्थान आहे. टोकियोच्या वेळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे तायक्वांदोत धडावरील साध्या लाथेस २, डोक्यावरील लाथेस ३, धडावरील गिरकीच्या लाथेस ४ आणि डोक्यावरील गिरकीच्या लाथेस ५ गुण मिळत असत. उंच आणि फिरून मारलेल्या लाथेला अधिक मोल, हे या गुणपद्धतीचे सूत्र होय. गुडघ्याच्या दृष्टीने मात्र याच लाथा सर्वांत महाग पडतात.

१. सांध्याची घडण

गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे, असे शालेय पुस्तकांत सांगितले जाते. हे विधान स्थूलमानानेच खरे आहे. विल्हेल्म व एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी मानवी चालण्याच्या यंत्रणेवर १८३६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातच मांडीचे हाड नडगीच्या हाडावर एकाच वेळी गडगडते आणि घसरते, हे दाखविले होते. त्याशिवाय गुडघा वाकलेला असताना नडगी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती काहीशी फिरूही शकते. गुडघा काटकोनात वाकलेला असल्यास दोन्ही दिशांची मिळून ही फिरण्याची मुभा सुमारे ६० ते ७० अंश असते. पाय सरळ होत जातो तसतशी ती आटत जाते आणि पूर्ण सरळ पायात जवळजवळ नाहीशी होते. सरळ होण्याच्या अखेरच्या २०-३० अंशांत नडगी मांडीच्या हाडाच्या तुलनेने किंचित बाहेरच्या बाजूस वळते आणि स्क्रू आवळावा तसा सांधा घट्ट बसतो. उभे राहण्यास ही योजना उत्तम. परंतु वेगाने सरळ होणाऱ्या किंवा शरीराखाली पिळल्या जाणाऱ्या पायात हीच घट्ट अवस्था संकटाची ठरते.

सांध्याचे स्थैर्य तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट म्हणजे अस्थिबंध. दोन्ही बाजूंस एकेक पार्श्व अस्थिबंध असतो आणि सांध्याच्या आत एकमेकांस फुलीसारखे छेदणारे दोन स्वस्तिक अस्थिबंध असतात. यांपैकी अग्र स्वस्तिक अस्थिबंध, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी 'एसीएल' या आद्याक्षरांनी रुळलेला दोर, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि तिच्या आतील बाजूच्या पिळासही आवर घालतो. तरुण व्यक्तींच्या शवांतील हा अस्थिबंध तुटेपर्यंत ताणून पाहिला असता सरासरी सुमारे २१६० न्यूटन बल लागते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. दुसरी गोष्ट म्हणजे दोन हाडांच्या मध्ये बसविलेल्या अर्धचंद्राकृती कूर्चा. पाय सरळ असताना सांध्यावरील भाराचा सुमारे निम्मा आणि काटकोनात वाकलेला असताना त्याहूनही बराच मोठा वाटा या कूर्चा उचलतात. त्या काढून टाकल्यास गुडघ्यात कालांतराने कोणते बदल होतात, याचे वर्णन फेअरबँक यांनी १९४८ साली केले. भार तोच राहिला तरी हाडांचे स्पर्शक्षेत्र घटते, म्हणून दर चौरस सेंटिमीटरवरील प्रतिबल वाढते आणि सांधा अकाली झिजतो. तिसरी गोष्ट स्नायूंची : मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू गुडघा सरळ करतो आणि मांडीच्या मागील स्नायू तो वाकवितात. सजीव सांध्यात क्षणोक्षणी कमीअधिक होऊ शकणारे बल या स्नायूंचेच असते. अस्थिबंध व कूर्चा यांना स्वतःहून काही करता येत नाही.

२. वेगाची उत्पत्ती

लाथेतील वेग गुडघ्यात जन्म घेत नाही. तो प्रथम धडात व कटिभागात निर्माण होतो, तेथून मांडीत येतो आणि शेवटी नडगीत उतरतो. आसूड ओढताना जसा मुठीचा वेग मंदावतो आणि टोकाचा वाढतो, तशीच ही क्रमवार क्रिया आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९९६ साली तायक्वांदोतील उंच पुढच्या लाथेचे जे विश्लेषण केले, त्यात नडगी वेग घेत असताना मांडी मंदावते ती प्रामुख्याने नडगीच्याच गतीच्या प्रतिक्रियेने, असे दिसून आले. कटिसंधीच्या स्नायूंनी तिला बुद्ध्या थांबविण्याचे कारण पडत नाही. यावरून निघणारा निष्कर्ष असा की, लाथेच्या अखेरच्या टप्प्यात गुडघ्याखालील भागाच्या ठायी बरीचशी ऊर्जा साठलेली असते आणि ती ऊर्जा कोठेतरी खर्च होणे अपरिहार्य असते. ती लक्ष्यावर खर्च झाली, तर गुडघ्याचा भार हलका होतो. लक्ष्य नसेल, तर ती गुडघ्यालाच पचवावी लागते.

३. हवेत मारलेली लाथ

ही ऊर्जा किती असते, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. खेळाडूचे वजन ६० किलोग्रॅम व उंची १७० सेंटिमीटर मानावी. मिशिगन विद्यापीठातील डेम्प्स्टर यांनी १९५५ साली शवांच्या मोजणीवरून शरीरावयवांची जी प्रमाणे दिली, त्यांनुसार नडगी व पाऊल यांचे मिळून वस्तुमान शरीराच्या ६.१ टक्के, म्हणजे सुमारे ३.७ किलोग्रॅम येते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची लांबी ४२ सेंटिमीटर धरल्यास या भागाचे गुडघ्याभोवतीचे निरूढी परिबल सुमारे ०.३५ किलोग्रॅम-मीटर वर्ग इतके होते. चपळ लाथेत गुडघा सरळ होण्याचा कोनीय वेग सेकंदाला २० रेडियन, म्हणजे सुमारे ११५० अंश मानणे अतिशयोक्तीचे नाही. तेव्हा नडगीची गतिज ऊर्जा ७० जूल भरते.

ही ऊर्जा गुडघा सरळ होण्यापूर्वीच्या ४० अंशांत शोषून घ्यावयाची असेल, तर सरासरी १०० न्यूटन-मीटर इतके रोधक परिबल लागेल. मांडीच्या मागील स्नायूंची ओढ गुडघ्याच्या अक्षापासून जेमतेम ३ सेंटिमीटर अंतरावरून जाते. म्हणून १०० न्यूटन-मीटर परिबलासाठी त्या स्नायूंना सुमारे ३३०० न्यूटन बल लावावे लागेल. स्नायू आखूड तरफेवर काम करतात, म्हणून बाह्य भाराच्या अनेक पटींनी ओढतात, हे तत्त्व बोरेल्ली यांनी १६८०-८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या गतीसंबंधी मांडले होते. त्याचे हे चांगले उदाहरण होय. वर्तुळाकार गतीमुळे नडगी सांध्यापासून दूर जाऊ पाहते, त्यासाठी सुमारे ३७० न्यूटन वजा केले, तरी सांध्यातील दोन हाडे एकमेकांवर सुमारे २९०० न्यूटन बलाने दाबली जातात. हे बल शरीराच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट आहे. ज्या पायाने जमिनीला किंवा प्रतिस्पर्ध्याला स्पर्शही केलेला नाही, त्या पायाच्या गुडघ्यात हा भार येतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रोध उशिरा सुरू झाला, म्हणजे ४० ऐवजी शेवटच्या २० अंशांतच थांबावयाची पाळी आली, तर हेच परिबल दुप्पट होते आणि त्यासाठी लागणारे सुमारे ६७०० न्यूटन बल निर्माण करणे सामान्य स्नायूंच्या आवाक्याबाहेरचे ठरते. उरलेला भार मग सांध्याच्या मागील आवरणावर, अस्थिबंधांवर आणि कूर्चांच्या पुढील कडांवर पडतो. वर्गात पन्नास-शंभर लाथा हवेत मारल्यानंतर गुडघ्याच्या मागे किंवा वाटीखाली जो ठणका लागतो, त्याचे मूळ बहुधा येथे असते.

यात काळाचाही प्रश्न आहे. वरील उदाहरणात ४० अंशांतील रोधास एकंदर ०.०७ सेकंद मिळतो. एखादी गोष्ट दिसल्यावर तिला जाणीवपूर्वक प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. म्हणजेच पाय सरळ होत आल्याचे जाणवल्यावर स्नायूंना आज्ञा देऊ म्हटले, तर वेळ टळून गेलेली असते. रोधाची आज्ञा लाथ सुटतानाच तिच्यासोबत निघालेली असली पाहिजे. कराटेच्या परंपरेत लाथ मारताक्षणी पाय मागे खेचण्यावर जो कटाक्ष असतो आणि ज्यास जपानी भाषेत 'हिकियाशी' म्हणतात, त्याचा अर्थ या दृष्टीने नवा दिसतो. प्रतिस्पर्ध्याने पाय पकडू नये, हे त्याचे एक कारण आहेच. पण पाय परत आणण्याचा हेतू आरंभापासून मनात असल्यामुळे मागील स्नायू वेळेवर कामास लागतात आणि गुडघा शेवटच्या अंशांत आपटत नाही, हा त्याचा दुसरा लाभ तितकाच मोलाचा होय.

४. लक्ष्यावरील आघात

लाथ लक्ष्यावर बसली की ऊर्जेची वाटणी होते, हे खरे. परंतु ती पायाच्या कोणत्या भागाने बसली, यावर गुडघ्यास पोहोचणारा धक्का अवलंबून असतो. क्रिकेटच्या बॅटीच्या विशिष्ट भागावर चेंडू बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. त्याच्या वर किंवा खाली बसला की मूठ थरथरते. आधारबिंदूभोवती फिरणाऱ्या कोणत्याही दांड्यास असे एक आघातकेंद्र असते. आंदोलकाच्या ज्या केंद्राचे गणित हायगेन्स यांनी १६७३ साली दिले, त्याच्याशी ते एकरूप आहे.

वरील खेळाडूच्या नडगीसाठी हे केंद्र काढल्यास ते गुडघ्यापासून सुमारे ३७.५ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे घोट्याच्या किंचित वर येते. तेथे आघात झाला तर गुडघ्याच्या सांध्यास आडवा धक्का जवळजवळ बसत नाही. पाऊल ताणून त्याच्या पाठीने, म्हणजे गुडघ्यापासून सुमारे ५० सेंटिमीटरवर आघात केल्यास आघातबलाच्या एकतृतीयांश इतके बल नडगीचे वरचे टोक पुढे ढकलू पाहते; त्याला अडविण्याचे काम अग्र स्वस्तिक अस्थिबंधाकडे व मागील स्नायूंकडे येते. उलटपक्षी नडगीच्या वरच्या भागाने, गुडघ्यापासून २५ सेंटिमीटरवर आघात झाला, तर तितकेच बल नडगीस मागे ढकलते आणि पश्च स्वस्तिक अस्थिबंध ताणला जातो. आघातबल १५०० न्यूटन असेल, तर दोन्ही बाबतींत हा वाटा ५०० न्यूटनचा होतो. निरोगी अस्थिबंध एकदा नव्हे, अनेकदा तो सोसतो. मात्र पूर्वी इजा झालेल्या गुडघ्याविषयी तसे म्हणता येत नाही. मांडी स्थिर आहे आणि आघात नडगीच्या फिरण्याच्या पातळीतच होतो, अशी दोन गृहीते या गणितात आहेत. त्यांपैकी दुसरे गृहीत व्यवहारात वारंवार मोडते. त्याचा विचार पुढे येईल.

५. आधाराचा पाय

गोलाकार लाथ, म्हणजे कराटेतील 'मावाशी गेरी' किंवा तायक्वांदोतील 'दोल्यो चागी', ही या विवेचनाची खरी कसोटी आहे. खेळाडू डाव्या पायावर उभा राहून उजव्या पायाने लाथ मारतो, असे समजावे. उजवा पाय आडवा फिरविण्यासाठी कटिभाग डावीकडे वळला पाहिजे आणि हे वळण ९० अंशांच्या आसपास, उंच लाथेत त्याहूनही अधिक असते. डाव्या कटिसंधीत या दिशेने मिळणारी मुभा सुमारे ४० अंशांची आहे. ती संपली की मांडीचे हाडही कटिभागाबरोबर डावीकडे ओढले जाते. पाऊल जमिनीवर फिरले, तर नडगीही त्याच्याबरोबर फिरते आणि काही बिघडत नाही. पाऊल रुतून बसले, तर वरून मांडी फिरते आणि खाली नडगी जागची हलत नाही. उरलेले सर्व वळण गुडघ्याच्या वाट्यास येते. आणि आधाराचा गुडघा जवळजवळ सरळ असल्यामुळे तेथे वळण्याची मुभा फार तर काही अंशांची असते. या पिळात नडगी मांडीच्या तुलनेने आतल्या बाजूस वळलेली असते. अग्र स्वस्तिक अस्थिबंध नेमका याच दिशेच्या पिळाने ताणला जातो. त्याच वेळी शरीराचे संपूर्ण वजन त्या गुडघ्यावर असल्यामुळे कूर्चा दोन हाडांच्या मध्ये दाबल्या गेलेल्या असतात. दाब आणि पीळ एकत्र आले की कूर्चा भरडली जाते.

पाऊल किती सहज फिरेल, हे त्याच्या टेकण्याच्या पद्धतीवरून ठरते. ६० किलोग्रॅम वजनाचा भार २५ सेंटिमीटर लांबीच्या तळव्यावर सारखा पसरलेला आहे आणि घर्षणगुणांक ०.८ आहे, असे धरल्यास पाऊल फिरविण्यास सुमारे २९ न्यूटन-मीटर परिबल लागते. टाच उचलून तोच भार चवड्याच्या ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर घेतला, तर ते १२ ते १३ न्यूटन-मीटरवर येते. वजन बदलले नाही, जमीन बदलली नाही. केवळ टाच किंचित उचलल्याने गुडघ्यावर येऊ शकणारा पीळ निम्म्याहून खाली आला. 'आधी टाच फिरवा, मग पाय सोडा' या जुन्या शिक्षकांच्या सांगण्यामागे हे गणित उभे आहे.

जमिनीची भूमिकाही यावरून स्पष्ट होते. तालमीच्या हौद्यातील मोकळी माती पावलाखाली सरकते. केरळातील कळरीची भूमीही मातीचीच असते. याउलट रबरी गाद्या अनवाणी व घामेजलेल्या पावलास धरून ठेवतात. पडण्याच्या दृष्टीने ही गादी उपकारक असली, तरी वळण्याच्या दृष्टीने तिची पकड गुडघ्यावर उलटू शकते. सिमेंटच्या कोब्यावर किंवा फरशीवर रबरी तळाचे बूट घालून सराव करणाऱ्यांची स्थिती याहून बरी नसते. गिरकीच्या व उडीच्या लाथांत आणखी एक धोका असतो. शरीर फिरत असतानाच एका पायावर उतरावे लागते आणि गुडघा आतल्या बाजूस कोलमडू लागतो. हँडबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या दुखापतींच्या चित्रफितींचे २०१० साली जे विश्लेषण झाले, त्यात अग्र स्वस्तिक अस्थिबंध पाऊल टेकल्यापासून सुमारे ०.०४ सेकंदात तुटत असावा, असा अंदाज निघाला. येथेही सावरण्यास वेळ मिळत नाही. पाऊल टेकण्यापूर्वीच सांधा सिद्ध असावा लागतो.

६. एका दोषाची दोन फळे

आता दोन्ही पायांचा एकत्र विचार करता येईल. आधाराचे पाऊल पुरेसे फिरले नाही, तर कटिभागही पुरेसा वळत नाही. कटिभाग वळला नाही, तर मारणाऱ्या पायाचा गुडघा लक्ष्याकडे आडवा होत नाही. त्याची वाटी वरच्या दिशेस राहते. अशा वेळी लक्ष्यावर पावलाची पाठ बसण्याऐवजी पावलाची व घोट्याची आतली बाजू बसते. मांडी पुढे जात राहते, नडगी बाहेरच्या बाजूस अडते आणि गुडघा आतल्या बाजूस उघडू पाहतो. या दिशेने गुडघ्याला बिजागरी नाही. आतल्या बाजूचा पार्श्व अस्थिबंध हाच येथे एकमेव मुख्य अडसर असतो. आघात नडगीच्या फिरण्याच्या पातळीतच होतो, हे गृहीत मोडण्याचा जो प्रसंग वर सूचित केला, तो हाच.

सारांश, एकच पाऊल एकाच क्षणी न वळल्यामुळे आधाराचा गुडघा पिळला जातो आणि मारणारा गुडघा बाजूस वाकविला जातो. खेळाडू मारणाऱ्या पायाच्या आतल्या बाजूच्या वेदनेची तक्रार घेऊन येतो आणि उपचार त्या पायावर होतात. पण दोष दुसऱ्या पायाच्या टाचेत असतो. तो दोष दूर झाला नाही, तर विश्रांतीने बरा झालेला गुडघा पहिल्याच आठवड्यात पुन्हा दुखू लागतो.

७. कोणाला अधिक जपावे

दोन गटांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. वाढत्या वयातील मुलांत चतुःशिरस्क स्नायूचा कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्यावर जोडलेला असतो, तो भाग अद्याप पक्का झालेला नसतो. वारंवार ओढ बसल्याने तेथे सूज व वेदना उत्पन्न होतात. ऑसगुड व श्लॅटर या दोघांनी स्वतंत्रपणे १९०३ साली वर्णिलेला हा विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडून शेकडो लाथा हवेत मारून घेणे म्हणजे या कच्च्या जागेवर शेकडो हिसके देणे होय. दुसरा गट स्त्री-खेळाडूंचा. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या वळणाच्या व उडीच्या खेळांत अग्र स्वस्तिक अस्थिबंधाच्या दुखापतीचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. लाथेतही वळण आणि उडी हीच दोन कारणे हजर असल्यामुळे येथे सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. तशा सावधगिरीचा अर्थ स्त्रियांना लाथ शिकवू नये असा नाही. उतरण्याचे व वळण्याचे शिक्षण त्यांना अधिक काळजीपूर्वक मिळाले पाहिजे, एवढाच आहे.

अशा दुखापतीची किंमत मोठी असते. अस्थिबंधाची पुनर्रचना करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धेत परतण्यास साधारणतः ९ महिने किंवा अधिक काळ द्यावा लागतो. त्यानंतरही सांधा लवकर झिजण्याचा संभव वाढलेलाच राहतो. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष तर जातेच. पण चाळिशीतील जिन्याची प्रत्येक पायरीही त्याच हिशेबात धरावी लागते.

८. शिक्षण व संशोधन यांसाठी

वरील विवेचनातून शिक्षणासाठी काही गोष्टी सरळ निघतात. नवशिक्यास लाथ शिकविण्यापूर्वी आधाराच्या पावलाची गिरकी स्वतंत्रपणे शिकवावी आणि ती अंगवळणी पडेपर्यंत उंचीचा आग्रह धरू नये. हवेतील लाथांची संख्या मर्यादित ठेवावी. त्या पूर्ण वेगाने मारल्यास गुडघा शेवटच्या काही अंशांत वाकलेलाच राहील, अशी शिस्त लावावी. पूर्ण बळाच्या लाथा गादीवर किंवा हातात धरलेल्या लक्ष्यावर माराव्यात, म्हणजे ऊर्जा बाहेर जाईल. मांडीच्या मागील स्नायूंना ताणले जात असताना रोध करण्याचा व्यायाम नियमित द्यावा, कारण लाथेत त्यांचे काम त्याच स्वरूपाचे असते. थकव्याने टाच जड होऊ लागली की गिरकीच्या लाथा थांबवाव्यात. सत्राच्या शेवटी दमलेल्या वर्गाकडून त्या करवून घेण्याची प्रथा सोडून देणे श्रेयस्कर.

संशोधकांच्या दृष्टीने एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चित्रणयंत्रे व बलमापक पट्टी यांच्या साहाय्याने सांध्यावरील एकूण परिबल काढता येते. परंतु ते परिबल कोणत्या स्नायूने, कोणत्या अस्थिबंधाने व हाडांच्या किती स्पर्शाने वाहिले, हे त्यावरून एकमेव रीतीने ठरत नाही. अज्ञात राशी अनेक आणि समीकरणे थोडी, अशी ती स्थिती आहे. प्रस्तुत लेखातील आकडे याच कारणास्तव भाराचा आवाका दाखविणारे समजावेत. एखाद्या विशिष्ट खेळाडूच्या अस्थिबंधाचे माप म्हणून ते वापरता येणार नाहीत. डेम्प्स्टर यांची प्रमाणे वयस्क पुरुषांच्या आठ शवांवर आधारलेली आहेत, ही गोष्टही विसरता कामा नये. तरुण भारतीय खेळाडूंच्या, विशेषतः मुलींच्या, शरीरास ती जशीच्या तशी लागू करणे धाडसाचे ठरेल. मारणाऱ्या व आधाराच्या अशा दोन्ही पायांचे एकाच वेळी मापन, वेगवेगळ्या जमिनींवरील पावलाच्या वळणरोधाची तुलना आणि सत्राच्या आरंभी व अखेरीस टाचेच्या हालचालीत पडणारा फरक, हे तीन विषय पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे आहेत आणि त्यांसाठी लागणारी साधनेही फार खर्चिक नाहीत.

मांडी आणि पाऊल यांच्यामध्ये सापडलेल्या गुडघ्याला स्वतःच्या इच्छेने फारसे काही करता येत नाही. वरून कटिसंधी जे देतो आणि खालून जमीन जे नाकारते, त्यातील तफावत तो सोसतो. म्हणून लाथेचे शिक्षण देणाऱ्याने गुडघ्याकडे पाहावेच. पण त्याआधी जमिनीवर टेकलेल्या टाचेकडे पाहावे.